स्लो कुकरमध्ये खान्देशी स्वयंपाक: परदेशात राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेली मंडळी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. आधी खरेदीचे प्रश्न घेतले आहेत, मग स्वयंपाकाचे, शेवटी अडचणीचे. घाई असेल त्यांनी एवढंच धरून चालावं: स्लो कुकर शिजवतो, भाजत नाही. आपल्या रश्श्याची निम्मी चव भाजण्यात असते, त्यामुळे तेवढं काम बाहेर करावंच लागतं.

१. स्लो कुकर म्हणजे नेमकं काय? राइस कुकरच ना?

नाही. राइस कुकर पाणी आटलं की थांबतो, स्लो कुकर तासन्‌तास मंद चालत राहतो. आत चिनी मातीचं जाड भांडं, भोवती तापणारं कवच, वर काचेचं झाकण. शिट्टी नाही, दाब नाही. लो आणि हाय अशी दोन बटणं असतात आणि बहुतेकांना वाटतं की लोवर पदार्थ कमी तापतो. खरं तर बहुतेक कुकरमध्ये दोन्हीवर रस्सा शेवटी उकळीच्या जवळ पोचतो, फरक असतो तो तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेचा. हायवर ३ ते ४ तासांत होणारं काम लोवर ७ ते ८ तास घेतं. ‘वॉर्म’ हे तिसरं बटण झालेला पदार्थ गरम ठेवण्यासाठी असतं, त्यावर कच्चं काही शिजवू नये.

ज्यांच्या घरी चूल होती त्यांना एका वाक्यात सांगायचं तर हा चुलीचा वैल. पुढच्या तोंडावर भाकरी चालू असते आणि मागे वैलावर डाळ आपली आपण शिजत राहते.

हे यंत्र अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन यांचं. १९४० साली त्यांना पेटंट मिळालं. ज्यू लोक शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी भांडं भट्टीत ठेवून रात्रभर शिजवत. त्या पदार्थाची आईने सांगितलेली आठवण नॅक्सन यांच्या डोक्यात होती. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉकपॉट’ बाजारात आणला.

२. घरून आणलेला प्रेशर कुकर आहे. मग हा घ्यायचा कशाला?

रोजच्या वरण-भातासाठी घेऊ नका, प्रेशर कुकरच बरा. पण दोन ठिकाणी हा उपयोगी पडतो. एक, सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी सहाला परतणाऱ्यांना. दोन, जिथे शेगडी इंडक्शनची आहे आणि आपला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. शिट्टीमुळे शेजारी दार वाजवतात अशी तक्रारही बरेच जण करतात. हाडाचं मटण मात्र वेळ असेल तर मी कधीही स्लो कुकरमध्येच करणं पसंत करेन.

३. कुठे मिळतो आणि काय नावाने मागायचा?

अमेरिका-कॅनडात लोक सरसकट ‘क्रॉकपॉट’ म्हणतात. वॉलमार्ट, टार्गेट, कॅनेडियन टायर अशा कुठल्याही दुकानात असतो. ब्रिटनमध्ये आर्गोस आणि मोठी सुपरमार्केटं, ऑस्ट्रेलियात केमार्ट. आखाती देशांत लुलूसारख्या हायपरमार्केटमध्ये बघा, पण तिथे प्रेशर कुकरचीच चलती जास्त, त्यामुळे ऑनलाइन पर्याय अधिक दिसतील. जर्मनीत ‘शोनगारर’ आणि फ्रान्समध्ये ‘मिजोतोज’ म्हणून शोधलंत तर लवकर सापडेल. थंडी सुरू होण्याच्या सुमाराला दुकानांत जास्त प्रकार येतात.

४. किती लिटरचा घेऊ?

एकटे किंवा दोघे असाल तर दीड ते अडीच लिटर, चौघांना साडेतीन, आणि आठवड्याच्या शेवटी पाहुणे जमवायची सवय असेल तर सहा. अमेरिकेत माप क्वार्टमध्ये असतं, एक क्वार्ट म्हणजे जेमतेम एक लिटर.

मोठा घेऊन ठेवला की झालं, असं मात्र होत नाही. भांडं निम्म्यापासून पाऊण भरलेलं असेल तेव्हाच तो नीट चालतो. सहा लिटरच्या कुकरात दोन वाट्या रस्सा टाकला तर कडेला मसाला करपतो.

५. सेकंडहँड घेतला तर चालेल का?

चालेल, आणि विद्यार्थ्यांनी तोच घ्यावा. ब्रिटनमधली चॅरिटी शॉप्स, ऑस्ट्रेलियातली ऑप शॉप्स, अमेरिकेत गुडविलची दुकानं, नाहीतर गाव सोडून चाललेल्यांची विक्री. घेताना भांडं उजेडात धरा आणि आतून बोट फिरवा. केसासारखी बारीक चीर लागली तर सोडून द्या. झाकण नीट बसतं का, तार कुठे कडक झालीय का, प्लगवर काळा डाग आहे का, हे बघा.

घरी आणल्यावर आधी पाण्याची परीक्षा घ्या. भांडं निम्म्याहून थोडं जास्त नळाच्या पाण्याने भरा, झाकण लावून लोवर ८ तास ठेवा. झाकण उघडल्या उघडल्या थर्मामीटर बुडवा. पाणी ८५ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवं. त्याहून बरंच कमी भरलं तर त्या कुकरात मटण-चिकन शिजवू नका. जास्त भरलं तर धोका नाही, पदार्थ सांगितलेल्या वेळेच्या आधी होईल इतकंच.

६. मित्र अमेरिकेतून लंडनला येतोय, त्याचा कुकर मला देतोय. कन्व्हर्टर लावून चालेल का?

नको. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, ब्रिटन, युरोप आणि भारतात २३० व्होल्टची. प्लगला अडॅप्टर लावल्याने फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज तेच राहतं. अमेरिकी कुकर २३० वर लावला तर जवळजवळ चौपट शक्ती खेचतो आणि जळतो. उलट केलं, म्हणजे भारतातला कुकर अमेरिकेत लावला, तर चौथाई शक्ती मिळते. हा प्रकार दिसायला निरुपद्रवी, पण जास्त फसवा: कुकर चालू दिसतो, भांडं कोमट होतं आणि मांस तासन्‌तास कोमटच राहतं. ट्रान्सफॉर्मर मिळतात, पण ते जड असतात आणि त्या पैशांत सहसा नवा कुकर येतो. मित्राला म्हणा, त्याऐवजी बॅगेत मसाला आण.

७. हॉस्टेलच्या खोलीत ठेवता येईल का? बिल किती येतं?

हॉस्टेलचे नियम वाचा. पुष्कळ ठिकाणी खोलीत स्वयंपाकाचं कुठलंच उपकरण चालत नाही, सामायिक स्वयंपाकघरात चालतं. बिलाची काळजी सोडा: २०० वॅटचा कुकर ८ तास चालला तर १.६ युनिट होतात.

८. काळा मसाला घालूनही चव येत नाही. काय चुकतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. चिरलेला कांदा, किसलेलं खोबरं आणि पुडीतला मसाला सगळं एकदम भांड्यात टाकलं जातं. कांदा त्यात उकडतो, भाजला जात नाही. खोबरं फुगून चोथा होतं. आठ तास ठेवलं तरी त्याला भाजक्या कांद्याचा वास येणार नाही, कारण पाणी असेपर्यंत भांड्यातलं तापमान शंभराच्या वर जात नाही आणि कांदा काळपट व्हायला त्याहून पुष्कळ जास्त लागतं.

शेगडीला ज्योत नसली तर ओव्हनचा ग्रिल वापरा. कांदे सालासकट अर्धे कापा, कापलेली बाजू वर करून ग्रिलखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा. कडा काळ्या झाल्या पाहिजेत आणि मधला भाग मऊ. सुक्या खोबऱ्याचे काप त्याच ट्रेमध्ये शेवटी टाका आणि तिथून हलू नका. दोन-तीन मिनिटांत ते तांबूस होतात, आणखी एका मिनिटात कोळसा. खिडकी उघडा आणि धूर होण्याआधी पंखा लावा, कारण धुराचा भोंगा वाजला की सगळी इमारत खाली उतरते. मग धणे, दगडफूल, शहाजिरं, लवंग, लाल मिरची कोरड्या तव्यावर भाजा, आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटा आणि कढईत शेंगदाणा तेलावर तेल सुटेपर्यंत परता. एवढं झाल्यावरच ते स्लो कुकरात जाईल.

रोज कोण करणार हे? कोणीच नाही. रविवारी एकदम मोठं वाटण करा, परतून गार करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. आठवड्यातल्या दिवशी चार खडे काढून भांड्यात टाकले की झालं. डब्यातला तयार मसाला वापरणार असाल तर तोही तेलात परतूनच घाला.

९. “मटननी तर्री वर येतच नई भो, काय करू?”

धुळ्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न जसाच्या तसा ठेवला आहे, कारण दुःख सगळ्यांचंच आहे. कढईत रस्सा खळखळ उकळतो तेव्हा तेल सुटून वर येतं. स्लो कुकरमध्ये तशी उकळी फुटत नाही, शिवाय झाकणाची वाफ थेंबाथेंबाने परत रश्श्यात पडते.

इलाज सोपा आहे. जेवायच्या वीस मिनिटं आधी छोट्या कढल्यात तीन-चार चमचे तेल तापवा. गॅस बंद करा, मोहरी तडतडून जाईल इतकं गरम तेल दोन मिनिटं निवू द्या आणि मग त्यात तिखट टाका. उकळत्या तेलात टाकलं तर तिखट जळतं, रंग तपकिरी होतो आणि ठसका लागतो तो वेगळाच. रंगासाठी निम्मं तिखट बेडगी किंवा काश्मिरी घ्या. हे तेल रश्श्यावर ओता, झाकण काढून हायवर पंधरा मिनिटं ठेवा. ढवळू नका. वाढताना पळी वरून घ्या.

१०. रस्सा पाणचट होतो. पाणी किती घालायचं?

गॅसवर घालता त्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी. झाकण बंद असल्याने पाणी आटत नाही, उलट कांदा, टोमॅटो, मटण आपलं पाणी सोडतात. तरी पातळ झालंच तर शेवटच्या अर्ध्या तासात भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट किंवा डाळ्यांचं पीठ पाण्यात कालवून घाला. ऑफिसच्या जेवणासाठी नेणार असाल तर शेंगदाणा आहे हे स्पष्ट लिहून ठेवा. बाहेर शेंगदाण्याची अॅलर्जी असलेले लोक बरेच भेटतात आणि आपल्या रश्श्यात तो तेलापासून कुटापर्यंत असतो.

११. मटण आणि चिकनला किती वेळ?

हाडासकट बोकडाचं मटण लोवर ८ तास किंवा हायवर साधारण साडेचार. ब्रिटनमध्ये ‘मटन’ म्हटलं की मोठ्या मेंढीचं मिळण्याची शक्यता असते, म्हणून हलाल दुकानात ‘गोट’ म्हणून मागा. मांडीचे आणि खांद्याचे तुकडे घ्या, चरबी थोडी ठेवा.

चिकनला एवढा वेळ देऊ नका. तंगडीचे तुकडे लोवर पाच-सहा तासांत होतात, छातीचे त्याआधीच, आणि जास्त ठेवले तर धागे-धागे होतात. आत ७४ अंश भरले की चिकन शिजलं. गोठलेलं मांस थेट टाकायचं नाही, आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवून ठेवा. गोठलेला तुकडा तापायला इतका वेळ घेतो की तो तासन्‌तास ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात पडून राहतो, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं.

१२. शेवभाजी, पातोडी आणि डुबुकवडे होतात का?

तिन्हींचा रस्सा होतो, बाकीचं बाहेर. शेव ताटात वाढतानाच घालायची. कुकरमध्ये घातली तर पिठलं होतं. पातोड्या ताटात थापून, कापून ठेवा आणि जेवायच्या दहा मिनिटं आधी सोडा. डुबुकवड्यांना मात्र खळखळती उकळी लागतेच. मंद रश्श्यात बेसनाचा गोळा बांधला जाण्याआधी विरघळतो. म्हणून रस्सा पातेल्यात काढा, गॅसवर उकळी आणा आणि मग वडे सोडा. चिनी मातीचं भांडं उचलून शेगडीवर ठेवू नका, तडकेल.

१३. भरिताची वांगी यात होतील का?

नाही. वांगं मऊ होईल, पण ते उकडलेलं वांगं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि शेतात काड्यांच्या जाळावर भाजून केलेलं भरीत ज्याने खाल्लंय त्याला हे सांगायची गरज नाही. बाहेर मिळणारी मोठी जांभळी वांगी घ्या, काट्याने टोचा आणि प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे ग्रिलखाली साल करपेपर्यंत फिरवत राहा.

वरण-बट्टीबरोबरची घोटलेली वांग्याची भाजी मात्र स्लो कुकरात छान होते. वांग्याच्या फोडी, हिरवी मिरची, लसूण, मीठ, अगदी थोडं पाणी, हायवर तीन तास. मग रवीने किंवा पळीने घोटा आणि वरून फोडणी. लग्नाच्या पंगतीची आठवण यावी इतपत जमते.

१४. डाळ आठ तासांनीही कच्ची राहते, असं कसं?

तीन कारणं असतात: डाळ जुनी असते, पाणी जड असतं, किंवा चिंच-टोमॅटो सुरुवातीलाच पडलेलं असतं. आंबट पदार्थ घातला की डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते, म्हणून तो शेवटी. तुरीची डाळ तासभर भिजवली तर हायवर तीन ते चार तासांत होते. ती आपोआप घोटली जात नाही, रवी फिरवावी लागते. उडदाच्या डाळीचं घुटं यात उत्तम होतं: लोवर सात-आठ तास, मग घोटून लसणाची फोडणी. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तव्यावर तुम्हीच करायची. खिचडी हायवर दोन तासांत होते, पण मोकळी होत नाही.

१५. राजमा रात्रभर भिजवून थेट टाकला तर?

टाकू नका. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब व्हायला पुरतात. खळखळत्या उकळीत ते नाहीसं होतं, पण ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजवलं तर कच्च्याहूनही वाढू शकतं. स्लो कुकर हळूहळू तापताना बराच काळ त्याच पट्ट्यात असतो. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा, मग कुकरात टाका. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, तो चालतो. तूर, मूग, मसूर, मटकी यांना ही भानगड नाही.

१६. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरण करता येईल?

येईल. हरभऱ्याची डाळ भिजवून हायवर तीन-चार तास, भरपूर पाण्यात. ते पाणी गाळून रशीसाठी (कटाच्या आमटीसाठी) बाजूला ठेवा. गूळ डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच, आधी घातला तर डाळ टणक राहते. पुढचं आटवणं कढईतच करा. झाकण बंद ठेवून पुरण घट्ट होत नाही. मांड्यांचं विचाराल तर मातीच्या खापराला पर्याय नाही.

१७. दूध आणि दही?

दूध, मलई, दही रश्श्यात घालायचं असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत, नाहीतर फाटतं. दही लावायला मात्र थंड देशात याच्यासारखी सोय नाही. दूध लोवर सुमारे अडीच तास तापवा, बंद करा, बोट सहन होईल इतकं (सुमारे ४३ अंश) निवू द्या, विरजण मिसळा. मग बंद कुकर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा.

१८. चालू ठेवून ऑफिसला गेलं तर चालतं का? मध्येच वीज गेली तर?

चांगल्या स्थितीतला कुकर त्यासाठीच बनवलेला आहे. कडक, सपाट ओट्यावर, भिंतीपासून वीतभर लांब आणि थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. झाकण उचलून बघायचा मोह टाळा, प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात.

टायमर लावून सकाळी कच्चं मटण भरायचं आणि दुपारी सुरू करायचं, हे नको. कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये, खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. टायमर शिजवून झाल्यावर ‘वॉर्म’वर जाण्यासाठी वापरा.

वीज तुमच्या डोळ्यांदेखत गेली तर पदार्थ लगेच गॅसवर नेऊन पूर्ण करा. घरी आल्यावर घड्याळ लुकलुकताना दिसलं आणि वीज किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर पदार्थ शिजलेला दिसला तरी टाकून द्या. जीवावर येतं, पण द्या.

१९. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी यातच गरम करू का?

नाही, फार सावकाश तापतो. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत तापवा, मग हवं तर कुकरात गरम ठेवा. रात्री उरलेलं भांड्यासकट फ्रीजमध्ये ढकलू नका, जाड भांडं लवकर गार होत नाही. उथळ डब्यांत काढा.

२०. इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या प्रेशर कुकरमध्ये) ‘स्लो कुक’ बटण आहे. वेगळा घेऊ का?

आधी ते वापरून बघा. ते भांडं फक्त खालून तापतं, त्यामुळे त्याच्या मधल्या पातळीवर डाळ कच्ची राहिल्याची तक्रार बरेच जण करतात. सर्वात वरच्या पातळीवर ठेवा. प्रश्न ५ मधली पाण्याची परीक्षा इथेही घेता येते.

२१. परत येताना आईसाठी गावी नेऊ का?

ब्रिटन, युरोप किंवा आखातातला असेल तर व्होल्टेज जुळतं, पिना बदलाव्या लागतील. अमेरिकेतला तिथेच विकून या. पण आधी गावच्या विजेचा विचार करा. जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे आठ तास चालणारं यंत्र निरुपयोगी, आणि भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात बंद पडलेल्या कुकरातलं मटण तासाभरात संशयास्पद होतं. शहरात इन्व्हर्टर असेल तर त्याची क्षमता बघून घ्या. आईला विचाराल तर ती बहुधा म्हणेल की तिचा प्रेशर कुकर चांगला आहे, त्याची रिंग तेवढी घेऊन ये.